अविलाची संत तेरेजा आणि दैवी संदेशाची पारख



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवळाच्या बांधणीची हकिकत, होऊन गेलेल्या धर्मगुरूंची सेवा आणि दानशूर कुटुंबांचे उपकारस्मरण ही सर्व यथास्थळी आलीच आहेत. एखाद्या संताचे चरित्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्हांस फार शोधावे लागले नाही. ज्या कार्मेलमातेच्या छत्राखाली आपले देऊळ उभे आहे, तिच्या संघाची थोर कन्या म्हणजे अविलाची संत तेरेजा. तिच्या चरित्रातील सर्वच गोष्टी सांगावयाच्या तर या पुस्तिकेची पाने पुरणार नाहीत. म्हणून त्यातील एकच धागा आम्ही हाती धरणार आहोत. तो असा की, देव आपणाशी बोलतो असे एखाद्यास वाटू लागले, तर ते बोलणे खरोखर देवाचे आहे किंवा नाही, हे त्याने व इतरांनी कसे ओळखावे?

हा प्रश्न नुसता पोथीतला नव्हे. धर्मगुरूच्या दाराशी तो वारंवार येऊन उभा राहतो. कोणी सांगतो, स्वप्नात माऊली आली आणि अमुक करावयास सांगून गेली. कोणी म्हणते, रोझरी म्हणता म्हणता आवाज ऐकू आला. हल्ली तर दूरदेशीच्या कोणा द्रष्ट्याचा संदेश मोबाईलवर येऊन पोहोचतो, आणि तो दहा जणांस न पाठविल्यास घरावर संकट येईल अशी धमकीही त्याच्या शेपटाला बांधलेली असते. भोळा मनुष्य घाबरतो, शहाणा हसतो. पण पारख कशी करावी हे दोघांनाही ठाऊक नसते.

आम्हांसही ते पूर्वी ठाऊक नव्हते, हे आम्ही येथे कबूल करतो. दीक्षा होऊन थोडीच वर्षे झाली होती. त्या वेळी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. एक वृद्ध माता आमच्याकडे आली आणि संकोचत सांगू लागली की, पहाटे प्रार्थनेस बसले म्हणजे शेजारणीकडे जाऊन तिची क्षमा माग, असे कोणी तरी आत सांगत असते. दोन्ही घरांत बांधावरून कित्येक वर्षांचा अबोला होता. आम्ही घाईत होतो. वयोमानाने असे भास होतात, एवढे बोलून आम्ही तिला वाटेस लावले. काही महिन्यांनी ती शेजारीण वारली. समेट झाला नव्हता. त्या मातेने पुन्हा कधी आपल्या आत्म्याची गोष्ट आम्हांस सांगितली नाही. तेरेजेचे चरित्र आम्ही सेमिनरीत वाचले होते. पण त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी लागला.

आता मूळ विषयाकडे वळू.

स्पेन देशातील कास्तील प्रांतात, उंच तटबंदीच्या अविला नगराशी नाते असलेल्या एका सधन घराण्यात २८ मार्च १५१५ रोजी तेरेजेचा जन्म झाला. पित्याचे नाव आलोन्सो सांचेझ दे सेपेदा आणि मातेचे बेआत्रिझ दे आहुमादा. पित्याचे घराणे मूळचे यहुदी होते. तिच्या आजोबांस तोलेदो नगरात १४८५ साली इन्क्विझिशनच्या धर्मन्यायासनापुढे उभे राहून जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. ही गोष्ट घराण्याने झाकून ठेवली, आणि विसाव्या शतकात संशोधकांनी जुने कागद चाळले तेव्हाच ती सर्वांस कळली. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. अशा घरच्या मुलीवर पुढे संशय आला असता तो किती जड गेला असता, हे त्यावरून समजेल.

मुलगी तेज होती. सात वर्षांची असताना धाकट्या वयातील संतकथांनी भारावून जाऊन ती रोद्रिगो नावाच्या भावास घेऊन घराबाहेर पडली. मूरांच्या मुलखात जाऊन येशूसाठी शिरच्छेद करून घ्यावा, म्हणजे स्वर्ग लवकर मिळेल, असा त्या दोघांचा बेत होता. वाटेत चुलत्याने गाठून त्यांना परत आणले. पुढे आई वारली, तेव्हा या पोरक्या मुलीने पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे रडून तूच आता माझी आई हो, अशी विनवणी केली. तारुण्यात मात्र कादंबऱ्या, दागदागिने आणि मैत्रिणींच्या गप्पा यांत तिचे मन रमले. १५३५ साली, विशीत असताना, ती अविला येथील कार्मेल संघाच्या मठात शिरली. पित्याची संमती नव्हती. घर सोडताना हाडन्‌हाड निखळत आहे असे वाटले, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे.

मठात तिला दुर्धर आजाराने गाठले. १५३९ साली ती चार दिवस निश्चेष्ट पडली. पापण्यांवर मेण ओतले गेले, मठात कबर खणून तयार झाली. पित्याच्या आग्रहामुळेच तिला पुरले नाही. शुद्धीवर आल्यावर सुमारे तीन वर्षे ती लुळी होती. संत जोसेफच्या मध्यस्थीने आपण उठलो, अशी तिची श्रद्धा होती. त्यानंतर बरीच वर्षे तिचे जीवन ना थंड ना ऊन असे गेले. १५५४ साली, उपवासकाळात, घायाळ ख्रिस्ताच्या एका मूर्तीसमोर तिचे अंतःकरण फुटले. संत आगुस्तिनचे आत्मनिवेदन तिने याच सुमारास वाचले आणि ते आपलेच आहे असे तिला वाटले. तेव्हापासून तिची प्रार्थना पालटली. तिला अंतरात शब्द उमटल्यासारखे होऊ लागले; प्रभू जवळ आहे असा निःसंशय प्रत्यय येऊ लागला. आणि येथूनच तिच्या परीक्षेस आरंभ झाला.

वाचकांस वाटेल, देव भेटला म्हणजे आनंदच. तेरेजेस प्रथम भीती वाटली, आणि त्या भीतीस कारण होते. त्या काळी स्पेनमध्ये स्वतःस प्रकाश लाभल्याचे सांगणारे पुष्कळ पंथ निघाले होते आणि १५२५ साली तोलेदोहून त्यांच्याविरुद्ध फर्मान सुटले होते. त्याहून भयंकर उदाहरण कोर्दोबा येथील माग्दालेना दे ला क्रूझ या मठाध्यक्षिणीचे. तिच्या अंगावर पंचक्षतांच्या खुणा दिसत, ती अन्नावाचून राहते असे लोक सांगत, विद्वान तिच्या पायाशी बसत आणि राजघराण्यातील मंडळीही तिचा आशीर्वाद मागत. पुढे आजारपणात तिने कबूल केले की सर्व कपट होते आणि आपण सैतानाशी संबंध ठेवला होता. १५४६ साली तिला शिक्षा झाली. सबंध देशाला धक्का बसला. त्यानंतर कोणा स्त्रीने दर्शनाची गोष्ट काढली की ऐकणाऱ्याच्या मनात माग्दालेनाचेच नाव येई. तेरेजेच्याही मनात तेच आले.

ती काय करती झाली? तिने अनुभव लपविला नाही आणि मिरविलाही नाही. अविला येथील फ्रान्सिस्को दे साल्सेदो नावाचे एक धर्मशील गृहस्थ आणि गास्पार दासा नावाचे धर्मगुरू यांस तिने आपले सर्व पाप व सर्व प्रार्थना उघडी करून सांगितली. दोघेही सज्जन होते. त्यांनी विचार केला की, एवढी कृपा आणि एवढे दोष एका ठायी कसे नांदतील? म्हणून हे सैतानाचे काम होय, असा त्यांनी निर्णय दिला. पुढे एकदा पाच-सहा धार्मिक मंडळींनी एकत्र विचार करून तसेच ठरविले आणि तिने कम्युनियन कमी वेळा घ्यावे व एकांतात राहू नये असा सल्ला दिला. त्यात भर म्हणजे तिने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी त्यांच्याकडून इतरांच्या कानी गेल्या आणि गावात चर्चा सुरू झाली. धर्मगुरूच्या सैल जिभेने एखाद्या आत्म्याचे किती नुकसान होते, हे आम्हां गुरुजनांनी येथे शिकावे.

येशूसंघाचे मठालय अविला येथे नुकतेच स्थापन झाले होते. तेथील दिएगो दे सेतिना नावाचे तरुण गुरू तिचे कुमसार ऐकू लागले. वयाने लहान, पण पारखी. त्यांनी तिला घाबरविले नाही. प्रार्थना सोडू नको, ख्रिस्ताच्या मानवी जीवनावर चिंतन कर आणि देहदंडाचा अभ्यास कर, असा मार्ग त्यांनी दाखविला. त्याच वर्षांत संत फ्रान्सिस बोर्जा अविला येथे आले. गांदियाचे सरदारपद सोडून येशूसंघात शिरलेले हे थोर पुरुष. त्यांनी तिचे ऐकून घेऊन हा देवाचा आत्मा आहे, याला आता विरोध करू नये, असे मत दिले. तिच्या मनास थोडा धीर आला.

पण परीक्षा संपली नव्हती. १५६०च्या सुमारास प्रभूचे सान्निध्य तिला अधिकच स्पष्ट जाणवू लागले. प्रथम डोळ्यांस काही न दिसता, नंतर रूपासह. तिचे नेहमीचे गुरू बाल्तासार आल्वारेझ हे भले होते, पण तरुण आणि भिडस्त. लोक त्यांनाही सावध राहण्याविषयी बजावीत. अशात दुसऱ्या एका गुरूने तिला आज्ञा केली की, दर्शन झाले म्हणजे क्रुसाची खूण करावी आणि मूठ वळून बोटांमधून अंगठा काढून दाखवावा. ही स्पेनमधील अपमानाची खूण होती. सैतानास ती दाखविली म्हणजे तो पळेल, अशी समजूत. तेरेजेवर केवढा प्रसंग! समोर प्रभू आहे असा अंतःकरणाचा निर्वाळा, आणि गुरूची आज्ञा अशी. तिने आज्ञा पाळली. रडत, क्षमा मागत, पण पाळली. वारंवार क्रुसाची खूण करावी लागू नये म्हणून तिने हातातच क्रूस धरून ठेवला. आणि तिने लिहून ठेवले आहे की, आज्ञा पाळलीस हे चांगले केलेस, सत्य काय ते मीच उघड करीन, असा प्रभूचा भाव तिला कळला.

या एका प्रसंगात सर्व विषयाचे मर्म आहे. सैतान किंवा आपला अहंकार बोलत असता, तर त्याने काय सांगितले असते? तू या मूर्ख गुरूचे ऐकू नको, तुला थेट वरून आज्ञा आहे. जो आवाज माणसास पवित्र सभेपासून तोडून आपल्यापाशी ओढतो, तो देवाचा नव्हे. जो आवाज स्वतःचा अपमान सोसूनही माणसास नम्रतेकडे व आज्ञापालनाकडे लोटतो, त्याच्यापाशी थांबून विचार करावा.

पुढे कित्येक वर्षांनी दोमिंगो बान्येज या दोमिनिकन पंडिताने तिला सांगितले की, तसा अंगठा दाखविणे हीच चूक होती. प्रभूचे चित्र एखाद्या दुष्ट चित्रकाराने काढले म्हणून आपण त्याचा अपमान करीत नाही; चित्र कोणी का काढलेले असेना, मान प्रभूलाच जातो. हे उत्तर तिला फार आवडले आणि तिने ते आपल्या भगिनींसाठी लिहून ठेवले. आज्ञा देणारा गुरूही चुकू शकतो, हे तिला पुरते ठाऊक होते. तिची श्रद्धा एवढीच होती की, प्रामाणिकपणे आज्ञा पाळणाऱ्याचे देव नुकसान होऊ देत नाही. म्हणून ती आज्ञा पाळी आणि त्याचबरोबर अधिक जाणत्या गुरूचा शोधही घेत राही. अर्धवट शिकलेल्या गुरूंनी आपले फार नुकसान केले, असे तिने स्पष्ट लिहिले आहे. गुरू धार्मिक असावा हे उत्तम. पण धार्मिक आणि विद्वान असा मिळत नसेल, तर विद्वानाकडे जावे, असा तिचा कल होता. कारण विद्वान मनुष्य निदान शास्त्र आणि पवित्र सभेची शिकवण यांवर तिची गोष्ट घासून पाही.

१५६० साली फ्रान्सिस्कन संघाचे आल्कांताराचे संत पेद्रो अविला येथे आले. कठोर तपश्चर्येने त्यांचा देह झाडाच्या मुळांसारखा झाला होता, असे तिने त्यांचे वर्णन केले आहे. ग्योमार दे उल्योआ या विधवा सरदारस्त्रीने दोघांची भेट घडवून आणली. पेद्रो स्वतः त्या वाटेने गेले होते. तेरेजेने चार शब्द बोलावे आणि त्यांनी सगळे ओळखावे, असे झाले. सज्जनांकडून विरोध सोसणे हे जगातील एक मोठे दुःख होय, असे सांगून त्यांनी तिचे सांत्वन केले आणि स्वतः जाऊन साल्सेदो व तिचे कुमसारगुरू यांची समजूत घातली. हा आत्मा देवाचा आहे, हे तेव्हा बहुतेकांनी मान्य केले.

मान्य केले ते कशावरून? चमत्कारावरून नव्हे. तिच्यात झालेला पालट त्यांना दिसत होता. तिने स्वतः त्याला एक सुंदर दृष्टान्त दिला आहे. मनुष्य म्हणतो, मला भेटलेला तो तोच, की दुसरा, हे तुम्ही मला पटवू पाहता. पण त्याने जाताना माझ्या हातावर रत्ने ठेवली. आधी मी दरिद्री होते, आता घरात रत्ने दिसतात. मग भास म्हणून कसे मानू? ती रत्ने म्हणजे सद्गुण. जुन्या खोडी गेल्या, धीर आला, निंदेने मन खचेनासे झाले, गरिबांविषयी कळवळा वाढला. झाडाची पारख फळावरून करावी, हा प्रभू येशूचाच नियम. सैतानाने तिला नरकात नेण्यासाठी तिचीच पापे धुवून काढावी, हे तिच्या बुद्धीस पटेना. आमच्याही पटत नाही.

१५७७ साली तोलेदो व अविला येथे तिने अंतरीच्या किल्ल्याविषयीचा आपला ग्रंथ लिहिला. त्यात अंतरी ऐकू येणाऱ्या शब्दांची पारख तिने मोठ्या नेमकेपणाने सांगितली आहे. असे शब्द तीन ठिकाणांहून येऊ शकतात: देवापासून, सैतानापासून किंवा आपल्याच कल्पनेतून. पहिली कसोटी पवित्र शास्त्राची. शास्त्राशी जे तीळभर विसंगत असेल ते सरळ सैतानाचे समजून टाकून द्यावे. मग ते कितीही गोड असो. त्यानंतर तिने आणखी खुणा दिल्या आहेत. देवाच्या शब्दात सामर्थ्य असते. तो जे बोलतो ते घडवून आणतो. भ्यालेल्यास भिऊ नको असे ऐकू आले आणि भीती खरोखर गेली, तर ते बोलणे कामाचे. दुसरी खूण शांतीची. जीव तळमळत न राहता प्रभूच्या स्तुतीस लागतो. तिसरी खूण अशी की, ते शब्द फार काळ मनातून जात नाहीत आणि परिस्थिती उलटी दिसली तरी त्यांवरचा भरवसा सुटत नाही. कल्पनेने रचलेले शब्द मात्र आपणच जुळवीत असतो, ते अर्धवट स्वप्नासारखे विरतात. आणि या सगळ्या खुणा जुळल्या तरी, दुसऱ्याच्या किंवा गंभीर कार्याच्या बाबतीत, जाणत्या गुरूच्या सल्ल्यावाचून त्या शब्दांवर पाऊल उचलू नये, असे ती बजावते.

हे नुसते लिहून ती थांबली नाही. अविला येथे संत जोसेफच्या नावाने एक लहान, गरीब, नियमनिष्ठ मठ स्थापावा, अशी प्रभूची इच्छा आहे असे तिला दृढ वाटत होते. काम सुरू झाले. गावात गदारोळ उठला, प्रांताधिकाऱ्यांनी दिलेली संमती मागे घेतली, आणि कुमसारगुरूंनी हा विषय सोडून दे म्हणून सांगितले. तिने सोडला. पाच-सहा महिने ती त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. देवाला हवे असेल तर तो वाट काढील, असा तिचा विश्वास होता. येशूसंघाच्या मठालयास नवे प्रमुख आले, परवानगी मिळाली, रोमहून आज्ञापत्र आले, आणि २४ ऑगस्ट १५६२ रोजी त्या मठाची घंटा वाजली. त्यानंतरही नगरसभेने खटला भरला, पण मठ टिकला. तेथून पुढे वीस वर्षांत, बैलगाडी, चिखल, पूर आणि ताप सोशीत तिने एकंदर सतरा मठ स्थापिले.

१५७५ सालची आणखी एक गोष्ट अशीच बोधक आहे. तिचे वरिष्ठ गुरू ग्रासियान यांनी पुढचा मठ माद्रिदमध्ये काढावा की सेव्हिल्यात, हे प्रभूस विचारावे असे तिला सांगितले. तिला माद्रिद असे उत्तर लाभले. ग्रासियान यांनी मात्र सेव्हिल्या ठरविले. ती मुकाट्याने निघण्याची तयारी करू लागली. त्यांनी आश्चर्याने कारण विचारले, तेव्हा तिचे उत्तर असे होते की, संदेशाच्या बाबतीत माझी चूक होऊ शकेल. वरिष्ठांच्या आज्ञेच्या बाबतीत तशी भीती नाही. ज्या स्त्रीस सर्व स्पेनमध्ये सर्वांत मोठे दैवी अनुभव आले, तिला आपल्या अनुभवाचा एवढाच भरवसा होता!

दुसऱ्यांच्या दर्शनांविषयी तर ती आमच्याहून कितीतरी सावध होती. एका गुरूने तिला मोठ्या कौतुकाने सांगितले की, एका बाईकडे पवित्र मरिया येऊन खाटेवर बसते, तासाहून अधिक वेळ बोलते आणि पुढच्या गोष्टी सांगते. तेरेजेस तेव्हाच उमगले. पण तिने एकदम तोडून टाकले नाही. सांगितलेल्या गोष्टी घडतात का ते पाहावे, आणि त्या बाईचे जीवन कसे आहे व इतर परिणाम काय आहेत याची चौकशी करावी, एवढेच तिने सुचविले. शेवटी सगळे पोकळ ठरले. मेदिना येथील तिच्या मठात दोन भगिनींस दररोज कम्युनियन न मिळाल्यास आपण मरू, असे वाटे. तेरेजेने त्यांस सांगितले की, मलाही तशीच ओढ आहे, तर आपण तिघीही थांबू आणि मरावयाचे तर तिघीही मरू. कोणीही मेले नाही. त्या भगिनी बऱ्या झाल्या. ज्यांचे मन दुर्बल आहे, ज्यांस उदासपणाचा रोग आहे, अशा भगिनींस काही दिसले-ऐकले म्हणून धमकावू नये, सैतान सैतान म्हणून भिववू नये. त्यांचे शांतपणे ऐकून घ्यावे, उपवास कमी करावा, पुरेशी झोप व अन्न द्यावे आणि कामात गुंतवावे, असा तिचा सल्ला. आजच्या काळात यास आम्ही एवढेच जोडू की, गरज दिसल्यास अशा माणसास प्रेमाने वैद्याकडे न्यावे. त्यात श्रद्धेचा अपमान नाही.

तिचे स्वतःचे आत्मचरित्रही परीक्षेतून सुटले नाही. ते तिने गुरूंच्या आज्ञेवरून लिहिले आणि १५६५ साली पुन्हा लिहून पुरे केले. आंदालुसियाचे थोर उपदेशक अविलाचे संत जुआन यांच्याकडे ते मुद्दाम पाठविले. त्यांनी १५६८ साली काही सूचनांसह पसंती दिली. पुढे तिच्यावर रुष्ट झालेल्या एबोलीच्या राजकुमारीच्या तक्रारीवरून ते पुस्तक इन्क्विझिशनच्या हाती गेले. १५७५ साली बान्येज यांनी त्यावर आपले मत लिहिले. ही स्त्री, एखाद्या गोष्टीत तिची स्वतःची फसगत झालेली असली तरी, दुसऱ्यास फसविणारी नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तथापि तिच्या हयातीत पुस्तक सर्वांच्या हाती देऊ नये, असेही त्यांनी सुचविले. तेरेजेने त्यावर कुरकुर केली नाही. पुस्तक छापले गेले ते १५८८ साली, ती गेल्यानंतर.

आल्बा दे तोर्मेस येथे ४ ऑक्टोबर १५८२ रोजी रात्री तिने देह ठेवला. त्याच रात्री जुनी कालगणना संपून नवी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. म्हणून तिचा सण १५ तारखेस पाळतात. मरताना तिला दर्शनांची आठवण झाली नाही. आपण पवित्र सभेची कन्या म्हणून मरत आहोत, याबद्दल ती देवाचे पुनःपुन्हा उपकार मानीत होती. १२ मार्च १६२२ रोजी परमगुरू पंधरावे ग्रेगोरी यांनी तिला संतपद दिले. त्याच दिवशी, त्याच विधीत, संत इग्नासियुस लोयोला आणि आपल्या गोंयच्या भूमीत ज्यांचे शरीर विसावले आहे ते संत फ्रान्सिस झेवियर यांनाही संतपद मिळाले. १९७० साली परमगुरू सहावे पॉल यांनी तिला पवित्र सभेच्या पंडितांत स्थान दिले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

तिच्या सुधारलेल्या संघाचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंधही जुना आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे पुत्र गोव्यात आले. तेथील मठातून निघालेले दियोनिसियुस आणि रेदेंप्तुस यांनी १६३८ साली सुमात्रा बेटावर अचे येथे धर्मासाठी रक्त सांडले. १७२० साली मुंबई बेटावरील देवळे कार्मेलकर गुरूंच्या हाती आली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे त्यांनी तेथील श्रद्धावंतांची सेवा केली. आपल्या गळ्यातील कार्मेलमातेचे स्कापुलार त्या जुन्या नात्याची खूण आहे.

आता बोधाचा भाग थोडक्यात सांगतो. प्रेषितांबरोबर देवाचे सार्वजनिक प्रकटीकरण पूर्ण झाले. त्यानंतर कोणास जे काही दिसेल वा ऐकू येईल, ते श्रद्धेत भर घालीत नाही. फार तर असलेल्या श्रद्धेने जगावयास मदत करते. पवित्र सभेने मान्यता दिलेले खासगी संदेशही मानलेच पाहिजेत असे बंधन नाही. १७ मे २०२४ रोजी रोमच्या धर्मतत्त्वविभागाने अशा घटनांविषयी नवे नियम काढले. त्यांनुसार महागुरू चौकशी करतात, रोमची संमती घेतात, आणि सामान्यतः ही घटना दैवीच आहे असे न ठरविता, भक्तीस हरकत आहे किंवा नाही एवढेच सांगतात. पैसा, सत्ता, कीर्ती यांचा लोभ त्या घटनेमागे दिसला, तर ते वाईट लक्षण समजावे, असेही त्या नियमांत आहे. साडेचारशे वर्षांपूर्वी अविला येथे एका स्त्रीच्या अंतःकरणात जे घासून पाहिले गेले, तेच आज नियमरूपाने आपल्यापुढे आले आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एखादा संदेश आला तर काही प्रश्न विचारा. तो शास्त्राशी व पवित्र सभेच्या शिकवणीशी जुळतो का? तो मला नम्र करतो की इतरांहून मोठा? तो उजेडात येऊन परीक्षा सोसतो की गुपचूप राहावयास सांगतो? त्याने मनात शांती येते की धाक? आणि तो मला कोणाकडे नेतो: प्रभूकडे व शेजाऱ्याकडे, की संदेश आणणाऱ्याच्या पायाशी? जो संदेश दहा जणांस न पाठविल्यास शाप देतो, त्याची परीक्षा पहिल्या प्रश्नालाच संपते. देव आपल्या लेकरांस अशी धमकी देत नाही.

आणि त्या वृद्ध मातेचे काय? आज आम्ही तिची गोष्ट तेरेजेच्या कसोटीस लावून पाहतो. तो आवाज खरोखर कोठून येत होता, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. पण तो जे सांगत होता ते शुभवर्तमानात लिहिलेलेच होते. शेजारणीची क्षमा मागण्यासाठी दर्शन खरे ठरण्याची वाट पाहावयाची नसते. आम्ही तिला भासाविषयी बोललो. तिच्यासोबत उठून बांधापलीकडच्या घरी जावयाचे, ते आम्ही केले नाही. धर्मगुरूने आवाज ओळखण्याआधी माणसाचे ऐकावे, हे शिकावयास आम्हांस ती किंमत पडली, आणि ती आमच्यापेक्षा तिलाच अधिक पडली.

या महोत्सवी वर्षात आपल्या धर्मग्रामातील एखाद्या घरी अबोला असेल, तर त्यासाठी कोणा द्रष्ट्याची गरज नाही. संदेश आधीच आलेला आहे आणि तो देवाचा आहे यात शंका नाही. कार्मेलमाता आणि तिची कन्या संत तेरेजा आपणा सर्वांस खऱ्या मेंढपाळाचा आवाज ओळखण्याची व ओळखल्यावर त्याच्यामागे चालण्याची कृपा मिळवून देवोत, हीच त्यांच्या चरणी आमची प्रार्थना. आमेन.